गालिच्याची पाठ

डिसेंबर लागला की बेंगळुरात, के. आर. पुरमच्या बाजारात अवरेकाईचे ढीग येऊन पडतात. पुण्यामुंबईकडून आलेली माणसं त्याला पावटा म्हणतात आणि पुढे जातात. पण पावट्याला हा वास नसतो. या शेंगेवर एक तेलकट, हिरवट, किंचित उग्र वास बसलेला असतो. कानडीत त्याला सोगडू म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, निदान आमच्या घरातल्या मराठीत तरी नाही. सोलताना तो बोटांना लागतो आणि साबणाला दाद देत नाही. सकाळच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं दांडा धरायला हात वर केला की कळतं, हिच्या घरी आज अवरेकाईचं सारू आहे.

यंदाही ढीग आले. मी दोन किलो शेंगा घेऊन घराकडे निघाले आणि वाटेत मला नेहमीसारखा ओल्या लोकरीचा वास यायला लागला. खरा नव्हे, आठवणीतला. आमच्या घरात हे दोन्ही वास एकाच मोसमाचे. अवरेकाई आली म्हणजे पाऊस संपला, ऊन कोरडं झालं आणि गालिचे धुवायचे दिवस आले. पावसाळाभर लोकांच्या दिवाणखान्यांत कुबट झालेले गालिचे मोटारींच्या टपावर बसून आमच्या गच्चीवर यायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी ते पालथे घालून काठीनं धूळ झाडायचे, ओल्या पांढऱ्या फडक्यानं रंग सुटतो का बघायचे, मग रिठ्याच्या फेसात हलक्या हातानं धुवायचे. उरलेलं पाणी लाकडी फळीनं लोटून काढायचं काम माझं. सकाळी तळ्यावरचं धुकं गच्चीपर्यंत यायचं. त्या धुक्यात पाण्यानं जड झालेला लाल रंग बघितला की मला वाटायचं, आता हा वाहून जाणार आणि गालिच्याच्या जागी नुसती सुतळी उरणार. तसं कधी झालं नाही.

आमचं घराणं शिंप्यांचं. बेंगळुरात कधी आलो ते कुणालाच धड माहीत नाही. कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला आलो आणि फौज गेली तरी आपण राहिलो, असं आजोबा सांगायचे. तेव्हापासून घरात मराठी आहे, पण तिच्यात कानडी इतकी मुरलीय की पाहुणे आले की मी जपून बोलते. अण्णांनी मात्र शिवणयंत्र सोडलं. विशीच्या आतच ते कमर्शियल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एका काश्मिरी उस्तादाकडे जाऊन बसले आणि गालिच्यांना रफू करायला शिकले. फाटलेल्या, जळालेल्या, कसर लागलेल्या जागी नवे धागे ताणायचे, त्यांवर एकेक गाठ बांधायची आणि शेवटी कातरीनं लोकर इतकी समतल करायची की मालकालाही आपल्या गालिच्याचा घाव सापडू नये. त्या कामात ते इतके तरबेज झाले की पुढे जुने इराणी गालिचे विकत घेणारे लोक आधी अण्णांना बोलवायचे. हा कुठला, ते सांगा. अण्णा सांगायचे.

ते कसं सांगायचे, ते मी पाचव्या-सहाव्या वर्षापासून बघत आले. गच्चीवर गालिचा अंथरला की मी नक्षीकडे धावायची. अण्णा म्हणायचे, "आधी उलटं कर, पुट्टी. तोंड मग बघू." पुट्टी म्हणजे कानडीत छोटी.

मला ते आवडायचं नाही. तोंडावर फुलं, वेली, मासे, हरणं. पाठीवर नुसते ठिपके. पण अण्णांचं म्हणणं असं की नक्षी कुणाचीही असू शकते. काशानची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की फुलं घेऊन जाते. एखादा व्यापारी कागदावर चित्र काढून आणतो आणि भलत्याच खेड्यात विणून घेतो. पण गाठ कशी बांधायची आणि गाठींच्या दोन ओळींमध्ये आडवा धागा किती वेळा फिरवायचा, हे मूल आईजवळ बसून शिकतं. तो हात मग कुणासाठी बदलत नाही. तो हात पाठीवर दिसतो.

अशा रीतीनं मी एक देश पालथा घालून बघितला. बिजारचा गालिचा इतका ठोकून विणलेला की घडी घालायला गेलं तर मोडेल. त्याची गुंडाळीच करायची. नाईनचा थंड, दुधी आणि निळा, फुलांच्या कडांना रेशमाची बारीक पांढरी रेघ. हेरीजवाल्यांना गोल काढायचा कंटाळा असावा. त्यांचं मधलं मोठं फूलसुद्धा काटकोनात उमलतं. केरमान गुलाबी. शिराझच्या बाजूच्या भटक्या लोकांचे गालिचे मला सगळ्यांत जवळचे, कारण त्यांचे उभे धागेही लोकरीचे, सुताचे नव्हेत. मेंढरं बरोबर, सूत आणणार कुठून? मध्येच एखादी कोंबडी, एखादा कुत्रा विणलेला. ती कोंबडी खरीच कुणाच्या तरी दारात फिरत असणार, असं मी तासनतास मनात धरून बसायची.

दुपारी ओले गालिचे दांडीवर लटकलेले असायचे आणि मी त्यांच्या मधल्या बोळात चटई टाकून झोपायची. दोन्ही बाजूंनी थंडावा, वर पट्टीएवढं आभाळ. या बोळाच्या एका टोकाला काशान, दुसऱ्या टोकाला ताब्रीझ. पाय लांब केले की अंगठा केरमानला लागायचा. शाळेत पुढे भूगोलाच्या पुस्तकात इराणचा नकाशा आला तेव्हा त्यात एकच ठिपका होता, तेहरानचा. मी बाईंना म्हटलं, यात गावं घालायची राहिली आहेत. वर्ग हसला. मला अजून तसंच वाटतं.

आता मी होसकोट्याच्या एका कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शर्टाची शिवण उसवलेली आहे का, पट्ट्याला पट्टा जुळतो का, हे दिवसभर बघायचं. तिथंही मी शर्ट आधी उलटा करते. सवय जात नाही. आणि समोरच्या अपार्टमेंटमधली अनघा, पुण्याची, आयटीतली, मोठी गोड मुलगी, ती गेल्या आठवड्यात गालिच्याची गुंडाळी काखेत मारूनच आली.

"ताई, प्लीज एकदा बघ ना. ओरिजिनल पर्शियन आहे ना हा? सेलमध्ये मिळाला. रिव्ह्यूज पण एकदम मस्त होते."

मी कोपरा उलटा केला. मागे कडक पांढरी जाळी आणि गोंदाचा वास. गाठ औषधालाही नव्हती. आता हिला काय सांगणार? म्हटलं, "रंग छान आहे गं. सोफ्याला शोभेल." ती खूश होऊन गेली. आत खुर्चीवर बसलेल्या अण्णांनी विचारलं, "कुठल्या गावचा?" मी म्हटलं, "गोदामाचा." ते इतके हसले की ठसका लागला.

अण्णा हसले की मला बरं वाटतं, कारण मधली दोन-तीन वर्षं ते हसतच नव्हते. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. या दुखण्यात अंधार होत नाही. समोर बघितलं की नेमकं मधलं जातं आणि कडा राहतात. गालिच्याकडे बघितलं तर चारी बाजूंची किनार दिसते, मधलं फूल नाही. जेवताना ताट दिसतं, त्यातला भात दिसत नाही. एकदा माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "तुझं तोंड गेलं गे पुट्टी. कान तेवढे राहिले." आणि आपणच लाजल्यासारखे उठून गच्चीवर गेले. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घरात आम्ही दोघंच.

हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं न बोलता ठरलं होतं. रफूचं काम त्यांनी गुडघेदुखीचं कारण सांगून थांबवलं. ओळखायला कुणी बोलावलं तर मात्र जायचे, माझा खांदा धरून. मी हळूच मराठीत सांगायची, "लाल, पण विटकरीकडं झुकणारा. मधलं फूल टोकदार." समोरच्यांना वाटायचं बापलेक घरचं काही बोलतायत. मग अण्णा गालिचा उलटा करायला लावायचे, पाठीवर बोटं टेकायचे आणि गाव सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. पंचेचाळीस वर्षांचा हात होता तो.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच डिसेंबरात रिचमंड टाउनमधून निरोप आला. तिथं एका जुन्या बंगल्यात बीबी राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, बारीक, ताठ. त्यांचं घराणं इराणातून आलेलं. वडील बेंगळुरात घोड्यांचा व्यापार करायचे. आई लग्न होऊन बोटीनं आली आणि बीबी चार वर्षांच्या असताना वारली. अण्णा शिकाऊ असल्यापासून त्या घरात येत-जात होते. बीबी त्यांना मास्टर म्हणायच्या, आणि दख्खनी उर्दूत बोलायच्या. अण्णाही त्यांच्याशी तसंच बोलायचे, मी ते इथं मराठीत सांगतेय.

बंगला विकला गेला होता. मुलगा कॅनडाहून न्यायला आला होता. सामान थोडंच न्यायचं, गालिचा एकच. बाकीचे शनिवारी एक व्यापारी घेऊन जाणार. एकूण सात होते. बीबींनी ते सातही मागच्या फरशीवर उन्हात पसरून ठेवले होते आणि स्वतः पायरीवर बसल्या होत्या.

"मास्टर, मेरी माँ हमदान की थी," त्या म्हणाल्या. "शादी में एक गालिचा लाई थी. कौनसा, किसी को मालूम नहीं. अब्बा को पूछने की हिम्मत नहीं हुई. तुम बोलो इनमें हमदान का कौनसा. वो मेरे साथ जाएगा. बस."

त्यांच्याकडे आईचा फोटो नव्हता. आईचं असं काहीच नव्हतं. एवढं त्यांनी एका दमात सांगितलं.

अण्णांची मान ताठ झाली. कित्येक महिन्यांनी मी त्यांना तसं बघितलं. ऊन कोवळं होतं, बाजूच्या घरातून अवरेकाईच्या फोडणीचा वास येत होता आणि सात गालिचे शेतांच्या तुकड्यांसारखे पसरले होते. मी कानाशी रंग सांगत गेले, अण्णा बोटं टेकवत गेले. नाईन. काशान. पुन्हा काशान, पण नवा. केरमान. बीबींचा मुलगा वहीत लिहून घेत होता. पाचवा बलुचांचा, गडद, छोटा. सहावा स्वयंपाकघराच्या दारातून आणलेला, फिका गुलाबट लाल, त्यावर फुलांचे झुबके, मध्ये पार झिजलेला. तोंडावरून कुणीही त्याला सारूकचा म्हणालं असतं. तिथं अशीच फुलं काढतात.

मी तो उलटा केला.

हमदानच्या खेड्यांत गाठींच्या ओळीनंतर आडवा धागा एकदाच फिरवतात, बाकी ठिकाणी दोनदा. त्यामुळे पाठीवर पांढरे उभे धागे एक आड एक उघडे राहतात, विटांची भिंत असावी तसे. लहानपणी मी ते खडूचे ठिपके समजायची. या पाठीवर ते टोकापासून टोकापर्यंत होते. एका कोपऱ्याजवळ फक्त, तळहाताएवढ्या जागेत, नव्हते; तिथं वीण दाट होती, आडवा धागा दोनदा गेलेला. मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णांनी वाकून हात टेकला, नेमका त्या तळहाताएवढ्या जागेवर. बोटं दोनदा फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सारूक."

मुलानं लिहिलं, सारूक.

सातवा ताब्रीझ निघाला. मग सगळे थांबले. बीबींनी विचारलं, "हमदान?" अण्णा म्हणाले, "नाहीये बीबी. यात हमदान नाहीये."

मी गप्प राहिले. याला मी आजवर पुष्कळ नावं देऊन बघितली. बापाची अब्रू, माया, वेळ निघून गेली, मला नीट दिसलं नसेल. खरं एवढंच की मला दिसलं होतं आणि मी बोलले नाही. अण्णांचा चेहरा त्या दिवशी जुन्यासारखा झाला होता आणि परक्यांसमोर तो उतरलेला मला बघायचा नव्हता. मनात म्हटलं, म्हाताऱ्या बाईला काय फरक पडतो, कुठला का गालिचा असेना. बीबी मात्र पायरीवरून उठल्या नाहीत. थोड्या वेळानं मुलाला म्हणाल्या, "फिर हल्का वाला रख ले. कोई भी." त्यानं नाईनच्या नावापुढे खूण केली.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसून गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हितकबेळे करायला बसलो होतो. सोललेले दाणे दिवसभर भिजत घालायचे आणि मग एकेक चिमटीत दाबायचा, की साल बोटात राहते आणि आतली डाळ टुपकन बाहेर उडते. याला डोळे लागत नाहीत, म्हणून हे काम अण्णांचं. परातीत डाळ टपटप पडत होती. मी समोर बसून कारखान्यातलं काहीतरी सांगत होते. टपटप थांबली.

"पुट्टी. तो सहावा, त्याच्या कोपऱ्यात रफू होतं काय?"

मी म्हटलं, "होतं."

"तळहाताएवढं?"

"हो."

अण्णांची चिमूट तशीच राहिली. "ते माझं. उस्तादाकडं लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. इस्त्रीतला निखारा पडला होता. तेव्हा मला एकच गाठ येत होती, काश्मिरी उस्तादाची. आडवा धागा दोनदा घालायचा, सुम्मने, विचार न करता, तसंच करत होतो. गालिचा कुठला, त्याचा हात कसला, कुणाला कळत होतं?" मग ते माझ्या दिशेनं वळले. "बाकीच्या पाठीवर पांढरे दिसत होते?"

मी म्हटलं, "दिसत होते, अण्णा."

"तू बघितलंस."

"हो."

"आणि बोलली नाहीस."

मला रडू यायला लागलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला सगळ्यांसमोर कसं सांगू?"

अण्णा कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. "माझी लाज राखायला तिची आई विकणार होतीस होय गे?"

त्या वाक्यावर मी अजून कधीमधी अडकते. बसमध्ये, कारखान्यात शर्ट उलटा करताना. आपलं माणूस सांभाळायचं म्हणून दुसऱ्याचं माणूस आपण किती सहज बाजूला ठेवतो. आणि मी ज्याला सांभाळणं समजत होते ते अण्णांना नकोच होतं. त्यांचे डोळे जात होते त्याचं त्यांना दुःख होतं, पण आपल्या तोंडून खोटं गाव गेलं याचं दुःख त्याहून मोठं होतं. हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी त्यांची पाठ कधी बघितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. शुक्रवार होता. बंगल्याच्या दारात खोकी बांधून ठेवलेली, गालिचे गुंडाळून भिंतीशी उभे. अण्णा माझा खांदा न धरता दोन पायऱ्या चढले आणि अडखळले. मग बीबींसमोर उभे राहून म्हणाले, "बीबी, मी परवा चुकलो. मला आता नीट दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी सांगितलं नाही, ती पहिली चूक. तुमच्या सहाव्या गालिच्यावर माझंच जुनं रफू आहे. त्याच्यावर हात ठेवला आणि माझ्याच हाताला सारूक म्हणालो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उलटा कर. तू सांग."

मी गुंडाळी सोडली, गालिचा उलटा केला. बीबींना पांढरे ठिपके दाखवले, आडवा धागा कसा एकदाच गेलाय ते दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मी परक्यासमोर मोठ्यानं सांगितलं. "हमदान."

बीबी बघत राहिल्या. "ये?" त्या म्हणाल्या. "ये तो किचन का है. इसपे तो हम पाँव पोंछे." आणि एकदम तोंडावर हात ठेवला. मुलगा पुढे झाला तर त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. गालिचा सुलटा करून घेतला. चपला काढल्या. त्याच्यावर उभ्या राहिल्या, मग हळूहळू, गुडघे सांभाळत, मधल्या झिजलेल्या जागेवर बसल्या. बाहेर रस्त्यावर एक भाजीवाला अवरेकाई, अवरेकाई ओरडत गेला.

बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "माझा तुकडा काढतो, बीबी. तो हमदानचा नाही."

"नक्को मास्टर. रहने दो. इतने साल से है."

"नाही. कोपऱ्यात मी खोटी गाठ घातली आहे. ती तुमच्या आईच्या गाठींत बसलीय. काढतो. किती दिवस आहेत?"

विमानाला सहा दिवस होते.

"कोण बांधणार?" मी त्यांना मराठीत हळूच विचारलं. अण्णांनी माझा हात धरून बोटं चाचपली. मग मला कळलं. मी धुणं केलं होतं, लोकर निवडली होती, गावं ओळखायला शिकले होते. दुसऱ्याच्या गालिच्यात एकही गाठ कधी बांधली नव्हती. अण्णांनी कधी बांधू दिली नव्हती.

ते सहा दिवस मला सलग आठवत नाहीत. धुकं आठवतं, के. आर. पुरमहून निघताना बसच्या काचेवर बसलेलं. बीबींच्या व्हरांड्यातलं तिरपं ऊन आठवतं, ते फरशीवरून सरकत आमच्या पायाशी यायचं तेव्हा अकरा वाजलेले असायचे. अण्णांनी घरच्या पत्र्याच्या डब्यातून जुन्या, मोडलेल्या हमदान गालिच्यांची सोडवलेली लोकर आणली होती. नव्या लोकरीला तो विटका गुलाबी जन्मात आला नसता. पहिले दोन दिवस मी नुसती त्यांची जुनी वीण उसवत होते. वडिलांच्या विशीतल्या गाठी एकेक करून कापायच्या. बारीक, नेटक्या, चुकीच्या. कापलेली लोकर मी कागदात गोळा करत गेले, टाकवेना.

मग बांधणं. काश्मिरी गाठ एका धाग्याला वेढा घालते आणि दुसऱ्यामागून नुसती निसटते. हमदानची गाठ दोन्ही उभ्या धाग्यांना धरते आणि दोन्ही टोकं मधून वर काढते. सांगायला एवढंच. माझ्या पहिल्या दहा गाठी अण्णांनी बोट लावून लावून सोडायला लावल्या. "स्वल्प सैल. तू तपासनीस आहेस म्हणून घाबरतेस. ती घाबरत नव्हती, ती तिच्या घरात बसून बांधत होती." ओळ झाली की आडवा धागा. एकदाच. दर वेळी माझा हात लहानपणापासून बघत आलेल्या सवयीनं दुसऱ्यांदा घालायला जायचा आणि दर वेळी अण्णा नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "एकदा."

बीबी समोर वेताच्या खुर्चीवर बसून असायच्या. कधी झोपायच्या. कधी काही आठवतं का बघायच्या. एकदा म्हणाल्या, आईच्या हाताला मेथीसारखा वास यायचा; आणि मग लगेच, नाही, तो सांभाळणाऱ्या आयाच्या हाताचा असेल. त्यांच्याकडे चार वर्षांपुरती आई होती, तीसुद्धा विटकी. मी गाठी बांधत राहायची. हमदानला कधी न गेलेली बाई, बेंगळुरातल्या व्हरांड्यात बसून, कुणा अनोळखी मुलीच्या जळालेल्या कोपऱ्यात तिचीच गाठ घालतेय. तिला तिच्या आईनं शिकवलं असणार, मला माझ्या वडिलांनी. हे खोटं की खरं, याचा मी तेव्हा विचार केला नाही. हात गरम झाले होते आणि ओळ सरळ येत होती.

सहाव्या दिवशी दुपारी शेवटची ओळ बसली. अण्णांनी कातर मागितली नाही. ती मीच चालवली. लोकर समतल केली, ब्रश फिरवला, गालिचा पालथा घातला. बीबी उठून जवळ आल्या. अण्णा गुडघ्यांवर बसले, बाह्या सारल्या आणि पाठीवर दोन्ही हातांची बोटं टेकली. मधल्या झिजलेल्या भागापासून सुरुवात करून ते सावकाश कोपऱ्याकडे आले. ओठ हलत होते. बोटं गेली, थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"इथवर सरी आहे, बरोबर आहे," ते म्हणाले. "हमदानच. आता तू बांधलेलं कुठं आहे ते दाखव."

या खेपेला मी गप्प राहिले नाही. "अण्णा," मी म्हटलं, "तुमचा हात त्याच्यावरच आहे."

त्यांनी बोटं बराच वेळ तिथून काढली नाहीत.